समोरची खोली

प्रिय ठमे,

माझं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच ठेवून देशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता दुकानाशेजारच्या घड्याळवाल्याकडून लिहून घेतला. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण वाच.

आज एकतीस दिवस झाले, मी प्यायलेले नाही. सुईत दोरा ओवायला हल्ली तीन प्रयत्न पुरतात, आधी गिऱ्हाइकाला सरळ उद्या या म्हणायचे. पण कौतुक करून घ्यायला बसले नाहीये, वैताग सांगायला बसलेय. लोक म्हणतात, मनावर घेतलं की सुटते. घेतलं बाई मनावर, पुढे काय? दवाखान्यातल्या फळ्यावरून दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा नंबर उतरवून आणला. मंगळवारी सहा वाजता, वाचनालयामागची इमारत, दुसरा मजला. गेले तर भलंमोठं कुलूप. रखवालदार म्हणाला, ते लोक गेल्या वर्षीच हलले. पुन्हा फोन, नवा पत्ता. तिथे चित्रकलेचा वर्ग चालू होता. मी तोंड उघडायच्या आत शिकवणाऱ्या बाईंनी हातात पेन्सिल दिली, आणि मी भिडेखातर अर्धा तास सुरई काढत बसले. सुरईच मिळाली काढायला, बघ! घरी आले आणि प्यायले. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या मंगळवारी एकदाचे सापडले. लांब व्हरांडा, समोरासमोर दोन खोल्या, दाराशी एक निवृत्त मास्तर चहाचे पेले मांडत होते. मला बघून त्यांना असा काही कळवळा आला की काही न विचारता त्यांनी मला उजवीकडच्या खोलीत नेऊन बसवलं. आत आठ-नऊ बायका आणि एक म्हातारे गृहस्थ. पहिली बाई बोलायला लागली तेव्हा कळलं, ही पिणाऱ्यांची खोली नव्हेच. ही घरच्यांची. पिणारे समोर. बाईमाणूस, इस्त्रीचे कपडे, विंचरलेले केस, म्हणजे नवऱ्याच्या पायी गांजूनच आली असणार! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण उठले का? नाही. माझी पाळी आल्यावर मान खाली घालून म्हटलं, हो, आमचे हे फार पितात.

तुझे बाबा! ज्यांना खोकल्याच्या औषधानेसुद्धा गरगरतं! चार मंगळवार मी त्यांना पाजत होते. बटणांच्या डब्यांमागे बाटली लपवणारे ते, गिऱ्हाइकाच्या कोटात टाचण्या तशाच विसरणारे ते, तुझ्या शाळेच्या कार्यक्रमात खुर्चीवरून पडणारेही तेच. कापड सगळं माझं, माप फक्त त्यांचं. बायका हळहळायच्या, मास्तर माझ्या चहात चमचाभर साखर जास्त घालायचे. एकीने तर सरळ सांगितलं, सोडून द्या त्या माणसाला. आणि घरी यावं तर तो माणूस निमूटपणे भाजी चिरत बसलेला. मला मग त्यांचाच राग यायचा. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय.

काल त्या खोलीतला माझा पाचवा मंगळवार. औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी बोलली, असेल तुझ्याच वयाची. तिची आई पिते. म्हणाली, मी घरात शिरले की आधी वास घेते, मग चपला काढते. आई कधी सुधारेल ही आशा तिने सोडलीये. आईने एकदा, फक्त एकदा, हो, मी पिते, एवढं म्हणावं, बास. मला तिथे बसवेना. मी भर बोलण्यात उठले आणि समोरच्या खोलीत गेले. तर मास्तर लगबगीने उठले, वहिनी, तुमची खोली पलीकडे, म्हणत मला दाराकडे वळवायला लागले! इतकी चिडले मी, ठमे, की ओरडलेच. अहो, मी पिते, मी! मग बाकावरची माणसं सरकली आणि मी बसले. मास्तर माझ्या शेजारीच बसले. तेही त्याच खोलीतले निघाले.

इथपर्यंत लिहिलं ते एक वाक्य लांबवायला. तुझ्या कपाटात, स्वेटरांखाली बाबांना सापडली ती बाटली माझी होती. मीच ठेवली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हिच्या मैत्रिणीच तसल्या आहेत. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. मला वाचवलंस, आणि महिन्याभरात घर सोडून गेलीस. तीन वर्षं ते तुझ्याशी बोलले नाहीत आणि मी ते बघत शिलाई मारत बसले. आज सकाळी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग तुझ्या खोलीत जाऊन ते रिकामं कपाट उघडून बसले. अजून तिथेच आहेत. तुझा नंबर मागितलाय त्यांनी, पण लावायचं धाडस होत नाहीये. फोन येईल त्यांचा, आज ना उद्या. तो उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

तोंड दाखवायला जागा नसलेली, तरी तुझीच,
आई