दुसरं उत्तर

२ डिसेंबर, सोमवार

पलूसला सुखरूप पोचले. साताऱ्याहून कराडपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. दोन्हींत खिडकी मिळाली, म्हणजे सुरुवात चांगली झाली. हवा गार, कोरडी. संस्थेचे सचिव लालासाहेब स्कूटर घेऊन स्टँडवर हजर होते. माझी खोली ऑफिसच्या मागेच आहे. पलंग, टेबल, गरम पाण्याची सोय, खिडकीबाहेर तुरे आलेला ऊस. निवृत्तीनंतर साताऱ्यात बसून पुतण्यांचे विसरलेले पासवर्ड शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काम असं. ही उपसा सिंचन संस्था कृष्णेचं पाणी उचलून वरच्या गावांच्या उसाला देते. नदीकाठी जॅकवेल आहे, म्हणजे पंपांसाठी बांधलेली खोल विहीर. दिवसा तिचं नदीकडचं दार लावून ऑपरेटर खाली उतरतो आणि जाळीत अडकलेली घाण काढतो. संध्याकाळी इथल्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम बंद केला की पुढचा कारभार यंत्राकडे जातो: दार उघडतं, विहीर भरते, रात्रीच्या विजेवर पंप चालू होतात.

व्हायला हवं असं. होत नाही. प्रोग्रॅम बंद करताना एरर येते, ‘मेमरी कुड नॉट बी रेड’, आणि सगळं तिथंच अडकतं. सकाळी थोडा वेळ पंप चालवतात, पण ते पाणी शेवटच्या गावांपर्यंत पोचत नाही. अध्यक्षांनी पुण्याहून दोन पोरं बोलावली होती. ती आली, जेवली, नदीवर फोटो काढून गेली. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी उभा जन्म काढला आहे. आठवड्यात आटपेल.

४ डिसेंबर, बुधवार

इथल्या लोकांनी एररवर केलेले उपाय लिहून ठेवते, कारण पुढे मलाच खरे वाटणार नाहीत. दुकानदाराने रॅमची पट्टी बदलली. मग कॉम्प्युटर बदलला. मग विंडोज नव्याने घातली. मग मॉनिटरला हळदकुंकू लावलं. ते अजून कोपऱ्यात चिकटलेलं आहे. शिकलेल्या लोकांचं हे ऑफिस!

सगळ्यात मोठा विनोद म्हणजे त्यांची रीत. एरर आली की ओके दाबायचं नाही. कॉम्प्युटर चालू ठेवून त्यावर फडकं टाकायचं आणि घरी जायचं. सकाळी, बिरदेव ऑपरेटर जागेवर आहे असा फोन आला की मगच ओके. मी काल दाबायला गेले तर लालासाहेबांनी अक्षरशः हात आडवा घातला. म्हणाले, आवं मॅडम, ते तेवढं ऱ्हाऊ द्या. कॉम्प्युटर चालवणारी उत्कर्षा माझ्याकडे न बघता फडकं झटकत होती. मी विचारलं, बीकॉम ना तुम्ही? ती म्हणाली, व्हय, एमकॉम. मी म्हटलं, मग तर कठीणच आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं. मूळ प्रोग्रॅमची सीडी लालासाहेबांच्या कपाटात होती. अख्खा दिवस वाचला.

प्रोग्रॅम कामासाठी मशिनकडून जागा मागून घेतो आणि बंद होताना परत करतो. भाड्याची खोली सोडून किल्ली मालकाला दिली, आणि मग कुणी त्या खोलीत हात घातला, तर मालक ओरडणारच. ही एरर म्हणजे तेवढंच. रॅमचा काही संबंध नाही, कुंकवाचा तर नाहीच.

इथे हात कोण घालतो? बंद करताना प्रोग्रॅम पंपघरातल्या स्पीकरवरून विचारतो, ‘आवं, वर आलाय का?’ (आवाज लालासाहेबांचा. दुसरं कुणी मिळालं नाही वाटतं.) ऑपरेटर वर येतो, विहिरीच्या तोंडाशी असलेलं हिरवं बटण दाबतो. उत्तर पोचलं की प्रोग्रॅम जागा मोकळी करायला घेतो. आणि तेवढ्यात दुसरं उत्तर येतं. ते ठेवायला जागाच उरलेली नसते. झाली एरर.

दुसरं उत्तर येतं दोन नंबरच्या बटणावरून. बिरदेवला फोन केला. म्हणाला, दोन नंबर खाली तळाला हुतं, त्येची तार कवाच कापली, आता वरचं एकच हाय. मी म्हटलं, कापलेल्या टोकांना ओल लागते, त्यांचा एकमेकांना स्पर्श होतो, ही दहावीची विद्या आहे. तो म्हणाला, तुमी म्हंता तर तसं.

एक गंमत मात्र आहे. ओलीमुळे येणारं उत्तर कधीही यायला हवं. हे पहिल्यानंतर ठरावीक वेळाने येतं. एका माणसाला ती लोखंडी शिडी चढायला लागेल, साधारण तेवढ्या.

९ डिसेंबर, सोमवार

दुरुस्ती केली. किल्ली द्यायच्या आधी क्षणभर थांबायचं. पहिलं उत्तर मोजायचं, दुसरं आलं तर ऐकून सोडून द्यायचं. मोजून चार ओळी. संध्याकाळी बंद केलं: उत्तर एक, उत्तर दोन, प्रोग्रॅम मुकाट मिटला. एरर नाही. शेवटच्या गावाला रात्री पाणी पोचलं. सकाळी तिथली दोन माणसं पेढे घेऊन आली.

लालासाहेबांनी पेढ्याला हात लावला नाही. ते बाहेर गेल्यावर उत्कर्षाने सांगितलं. पूर्वी मानसिंग म्हणून ऑपरेटर होते, मिलिटरीतून आलेले. तेव्हा प्रोग्रॅम काही विचारायचा नाही. एका संध्याकाळी ते तळाशी होते आणि इथे लालासाहेबांनी प्रोग्रॅम बंद केला. त्यानंतर स्पीकर आला, बटण आलं. आणि बटण आल्या दिवसापासून एरर. उत्कर्षा म्हणाली, मानसिंगआबा रोज सांगतात वर आलो म्हणून, पण मोजणार कोण? एररमुळं मशीन अडकतं आणि दार उघडत नाही, तेच बरं हाय.

गेलेल्या माणसाचं दुःख मला कळतं. पण त्याच्या नावाने आळस पोसायचा आणि त्याला भीती म्हणायचं, हे कळत नाही. नियम घालून दिला: उत्तर आलं की बंद करायचं. फोन नाही, फडकं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज दोन्ही उत्तरं आली. दुसरं जरा लवकर. आणि दोन नंबरवरून नाही. दोन्ही एक नंबरवरून, म्हणजे वरच्या बटणावरून. तळाची ओल सुकली असणार. बिरदेव एकदाच दाबलं म्हणतो. दोनदा दाबत असेल. या माणसांना एकदा सांगून काही होत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

दोन्ही उत्तरं जवळजवळ एकदम.

बिरदेवचा फोन आला. बटण वलं लागतंय, म्हणाला. मी म्हटलं, मग पुसा.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज एकच उत्तर आलं. मी उत्कर्षाला म्हटलं, बघा, मिटला तुमचा आबा. तिने प्रोग्रॅम बंद केला.

बिरदेव खाली होता.

दार उघडलं, विहीर भरायला लागली. तो शिडीने वर आला तर तोंडावरचं लोखंडी झाकण बंद. बाहेरून कडी. गळ्यापर्यंत पाणी चढेतो तो खालून ठोकत राहिला. नदीवर म्हशी पाणी पाजायला आणलेल्या बनुबाईने ऐकलं आणि कडी काढली. ठोकून ठोकून बिरदेवचा हात मोडला आहे. सांगलीच्या दवाखान्यात नेलाय.

प्रोग्रॅम पुन्हा तपासला. माणूस एक, उत्तर एक. प्रोग्रॅमचं काही चुकलेलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सांगलीला जाऊन आले. बिरदेव एकच वाक्य बोलतो: म्या बटण दाबलंच न्हाई. त्याची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, तुमच्या मशिनीनं इचारलं, आन् दुसऱ्याचंच ऐकलं. सरळ आहे: घरी लवकर जायचं म्हणून याने आधी बटण दाबलं आणि मग जाळी काढायला उतरला. झाकण पडलं, कडी आपसूक बसली. आता नोकरी वाचवायला खोटं बोलतोय. त्याला कामावरून कमी करावं, असं अध्यक्षांना लिहून दिलं.

बनुबाई ऑफिसात आली होती. काल संध्याकाळी तिने बटणाशी माणूस बघितला म्हणे. खाकी स्वेटर, अंगावरून पाणी गळतंय. तिला वाटलं हाफिसातला हाय. मी तिला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. तिला वाचता येत नाही, ते खरं. पण लांबच्या झाडावरची घार मात्र तिने दाखवली.

१४ डिसेंबर, शनिवार

खाली उतरायला कुणी तयार नाही. लालासाहेब हात जोडून म्हणतात, एरर परत आणा. साठीचा माणूस एरर मागतो आहे!

तरी रात्री – नाही. झोप लागली नाही, एवढंच. उसात वारा होता.

खोलीच्या उंबऱ्यावर पाणी. टाकी गळत असेल.

१५ डिसेंबर, रविवार

आज ऑफिस बंद. प्रोग्रॅम सुरूच केलेला नाही. तरी कॉम्प्युटरवर उत्तर येऊन पडलेलं. एक नंबर. दुपारी पुन्हा. पुन्हा.

प्रश्नच विचारलेला नाही, तर उत्तर कशाचं?

बस्स. उद्या सोक्षमोक्ष. मी स्वतः तळाला जाऊन बसेन. बटणाला हात लावणार नाही. उत्तर येणार नाही, प्रोग्रॅम वाट बघत थांबेल, दार उघडणार नाही. म्हणजे बिरदेव खोटा. उत्कर्षाला बोलावून बजावलं: तुम्ही नियमाने चाला. उत्तर आलं तर बंद, नाही तर थांबा. ती म्हणाली, मॅडम, आधी फोन करू का? मी म्हटलं, केलात तर उद्यापासून येऊ नका.

१६ डिसेंबर, सोमवार, जॅकवेल

तळाला बसून लिहिते आहे. बॅटरी आहे, घड्याळ आहे. मोबाइलला रेंज नाही. झाकण उघडं ठेवून वर दगड लावला आहे. आभाळाचा गोल तुकडा दिसतो, अजून उजेड आहे. लालासाहेब वर थांबायला आले नाहीत. येतील असं वाटलंही नव्हतं.

दोन नंबरचं बटण भिंतीला आहे. गंजलेलं. तार कापून लोंबते आहे, दोन टोकांत वीतभर अंतर. कोरडी. एकमेकांना लागणं शक्य नाही.

बटण मात्र झिजलंय. मधोमध. अंगठ्याने झिजावं तसं.

वर कुणीतरी आलं. बरं झालं. लालासाहेबांना लाज वाटली असेल. हाक मारली. बोलत नाहीत. बूट वाजतात, ओले –

दगड सरकवला.

काय हा पोरकटपणा. झाकण –

अंधार. कडीचा आवाज. आपसूक नाही. कुणीतरी नीट बसवली.

स्पीकर. ‘आवं, वर आलाय का?’

मी नाही आले. मी ओरडते आहे, स्पीकर फक्त बोलतो, त्याला ऐकू –

बटण दाबल्याचा खटका. वर.

उत्कर्षा, ते उत्तर माझं नाही. थांब. एकदा फोन कर. एकदा नियम मोड, बाई –

दार उघडतंय. पाणी. पावलांना. गार.

दोन नंबर दाबते आहे. तार नसली तरी जातं ना, त्याचं जायचं. जात असेल. दाबते, दाबते. पण हे आता दुसरं. आणि दुसरं आलं तर ऐकून सोडून द्यायचं, ते मीच –

गुडघ्यापर्यंत. शिडीवरून लिहि –

उत्कर्षा, मी अजून खाली