मोडक्या शिंगाचा

अप्पा, तुमच्या नातीला ताप हाय, अन् अंगातला टीशर्ट ती काढू देत नाय. तिच्या बापानं बिडकीनच्या बाजारातून, हातगाडीवरनं आणला. छातीवर लाल मुखवट्याचा माणूस, डोक्याला दोन शिंगं, त्यातलं एक मोडकं. गल्लीतल्या पोरांना दप्तरावरचे, पाण्याच्या बाटलीवरचे सगळे हिरो पाठ, पण ह्याला कुणीच वळखत नाय. सासूबाई म्हणल्या, "राक्षस हाय त्यो. लेकराच्या छातीवर बसवलाय अन् म्हणती ताप का उतरंना." दवाखान्यातलं औषध चालू हाय, तरी मलाबी भ्या वाटलं. झोपेत काढायला गेले, तर पोरीनं कापड मुठीत गच्च धरलं.

मी ह्याला कुठंतरी बघितलंय, एवढं ठाऊक व्हतं. माहेरी, लासूरला तुम्ही रद्दीच्या दुकानात कामाला, तिथली जुनी चित्रांची पुस्तकं घरी आणायचा. धाकटा भाऊ तुमच्या मांडीवर, मी चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही चित्रावर बोट ठेवून त्याला सांगताय, हा कोण, हा कुणाच्या बाजूनं. मी कान देते, पण माझ्याच थापण्यात गोष्टीचा शेवट बुडतो. "हळू थाप गं, पोराला ऐकू येईना," तुम्ही वरडलात. पोराला. मला ऐकू येतंय का, ते नाय इचारलंत.

शेवटी धाकट्यालाच फोटो धाडला. लगेच फोन आला. "अय ताई, हा व्हय! हा चांगला हाय गं. धरण फुटलं तवा डोकं लावून उभा राहिला, गाव वाचवलं, त्यात शिंग मोडलं. अप्पांनी किती डाव सांगितली. तुला कसं ठाऊक नाय? तू तर तिथंच व्हतीस!" अन् हसला.

"व्हय, तिथंच व्हते," म्हणले अन् फोन ठिवला. जीव भांड्यात पडला. पण तुमचं सगळं त्याच्यापाशी, बोलायची ढबसुदीक. माझ्याच बापाचं काय पायजे असलं तर मी त्याच्याकडं मागायचं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दिष्ट काढलीच, पण टीशर्ट राहू दिला. पोरीला धरणाची गोष्ट सांगितली, तर म्हणती, "मग शिंग परत आलं?" ते मला ठाऊक नाय, अप्पा. फोन उशाशीच व्हता. धाकट्याला नाय लावला. "आलं," म्हणले, "पहिल्यापेक्षा मोठं."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या अप्पांनी. मांडीवर बसवून."

आता झोपलीय. अंग अजून कोमट हाय, सारखा हात लावून बघते. तुम्ही तर गेलात, हा कागद कुठं धाडणार, पिठाच्या डब्याखाली सारते. खोटं बोलले अप्पा. अन् तेवढ्या गोष्टीपुरतं धाकट्याला तुमच्या मांडीवरनं खाली उतरवलं.