डावा गाल आणि ह्यांचा फोटो

४ जानेवारी, दुपार
मापांच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवायची म्हणून लिहितेय. कुणी वाचायचं नाही. वाचायचंच असेल तर पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या कमरेची मापं आहेत, ती वाचा, जास्त करमणूक होईल.

आज मशीनवाला आला होता. शिलाई मशीन टाके सोडत होतं. त्यानं शटल काढलं, फुंकर मारली, तेल घातलं आणि मान वर केली. समोर भिंतीवर ह्यांचा फोटो. म्हणाला, मावशी, मुलगा का?

मी म्हटलं, हो.

का म्हटलं कुणास ठाऊक. खोडच आहे माझी, समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय राहवत नाही. मागच्या खेपेला ह्यालाच सांगितलं होतं की मी बाहेर गेले की मशीन आपोआप चालतं. बिचारा दहा मिनिटं वायर हुंगत बसला होता.

मुलगा कुठं असतो म्हणाला. म्हटलं, लांब. फोन करतो का? म्हटलं, कधीच नाही. तो फार हळहळला. जाताना म्हणाला, तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला येतो, काळजी घ्या मावशी.

मला काही वाटलं नाही.

तोच दिवस, चहा पिताना
वाटायचंय काय त्यात? फोटो छत्तीस वर्षांच्या माणसाचा. त्या वयातच गेले हे. मी आता एकसष्ट. सरळ आहे.

तोच दिवस, दिवे लावल्यावर
आरसा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं. आरशात बिघाड नव्हता.

६ जानेवारी
मेडिकलमध्ये गेले. त्वचेच्या आरोग्यासाठी. फोटोचा काही संबंध नाही.

काउंटरवरची मुलगी शिकलेली आहे. म्हणाली, आजी, काय हवंय? (आजी!) म्हटलं, असं काही दे की पुढच्या वेळी तुझ्या तोंडून हा शब्द निघणार नाही. ती हसली. मग नीट समजावलं तिनं. सकाळी सनस्क्रीन, ढग असले तरी. तोंड धुतलं की मॉइश्चरायझर. आणि रात्री रेटिनॉल, आठवड्यातून दोनदाच, वाटाण्याएवढं. सुरकुत्यांवर खरं काम तेच करतं म्हणे. बाकी डब्यांवर जे लिहिलेलं असतं त्यातलं अर्धं वासासाठी आणि अर्धं डब्यासाठी. फरक दिसायला बारा आठवडे.

बोटं मोजली. बारा आठवड्यांनी मशीनवाला सर्व्हिसिंगला येणार. येईल, फोटोकडं बघेल, माझ्याकडं बघेल आणि आपसूक म्हणेल, अरेच्चा मावशी, हे तर मिस्टर दिसतात तुमचे.

७ जानेवारी
निश्चय :
रोज सनस्क्रीन.
रोज आठ ग्लास पाणी.
साबण बंद.
लोकांची फिरकी घेणं कमी. (हसलं की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या जास्त पडतात.)

७ जानेवारी, संध्याकाळ
पाणी तीन ग्लास. शेवटचा निश्चय दहा वाजताच मोडला. एक बाई ड्रेस सैल करून न्यायला आल्या, म्हणाल्या कापडच आटलं हो. म्हटलं, हो ना, आणि बरोब्बर पोटाशीच आटलंय बघा.

१० जानेवारी
गावच्या शाळेत सातवीपर्यंत गणितात माझा हात कुणी धरला नाही. आठवड्यातून दोनदा लावलं तर बारा आठवडे. म्हणजे रोज लावलं तर साडेतीन. हे त्या शिकलेल्या मुलीला कसं सुचलं नाही?
आणि वाटाणा कुठला? वाटाणेही केवढाले असतात.

१५ जानेवारी
तोंड चुरचुरतंय. लागू पडतंय.

१८ जानेवारी
हनुवटीची सालं निघतायत. जुनं जाणार, तेव्हाच खालचं नवं दिसणार. समाधान वाटलं.
पँटची चेन बसवायला आलेल्या मास्तरांनी विचारलं, वाफ लागली का तोंडाला? म्हटलं, हो, तारुण्याची. मास्तर चेन न बघताच गेले.

२१ जानेवारी
लेकीचा व्हिडिओ कॉल. आई, तोंड का सुजलंय गं तुझं? म्हटलं, तुझा फोन खराब आहे. ती म्हणाली, आई, तुझ्यामागची भिंत चांगली दिसतेय. चौतीसची झाली लेक. बाप गेला तेव्हा सात वर्षांची होती, मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. अजून दोन वर्षांनी ती बापाएवढी होईल.
मी फोन ठेवून फोटोला म्हटलं, तुम्ही मात्र तिथंच बसून राहा. कामचुकार.

फोटो आहेच हसरा. खरं तर तो दोघांचा होता. हे गेल्यावर स्टुडिओवाल्याकडं दिला, त्यानं मला कापलं आणि ह्यांना मोठं केलं. अंगातला शर्ट मी शिवलेला. कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा लांब झालंय. सत्तावीस वर्षं रोज दिसतंय. तेव्हा म्हटलं होतं, द्या, उसवून नीट करते. हे म्हणाले, राहू दे, कोण बघतंय.

२ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीनं एक डबी दिली. सोनेरी. सात दिवसांत सात वर्षं कमी. चार डब्या लावल्या की मी तेहेतीस, म्हणजे ह्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. खरी दोनच वर्षांनी लहान होते. चौथी डबी थोडी उरवायची, उगाच खोटेपणा नको.

९ फेब्रुवारी
एक डबी संपली. गालांवर पुळ्या. पार्लरवाली म्हणाली, आतली घाण बाहेर येतेय. म्हटलं, माझ्या आत एवढी घाण असती तर आतापर्यंत दोन-चार जणांना बोलून बाहेर काढली नसती का?
पण पुळ्या कोणत्या वयात येतात? सोळाव्या. म्हणजे दिशा बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी
मेडिकलमध्ये ती मुलगी म्हणाली, या काकू! आजी नाही, काकू! मी लाजले. नको नको म्हणता हातही हलवला. मागं एक बाई उभी होती, तिला म्हणाली होती.
मला म्हणाली, आजी, हे काय करून घेतलंत? डॉक्टरांना दाखवा आधी.

१४ फेब्रुवारी
त्वचेची डॉक्टर. वयानं लेकीएवढी. भिंग लावून बघितलं. सगळं बंद करा म्हणाली. चार आठवडे फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. मग बघू.

मग माझी हनुवटी धरून तोंड इकडं वळवलं, तिकडं वळवलं. म्हणाली, तुम्ही काय काम करता? म्हटलं, शिवणकाम. खिडकी डाव्या हाताला आहे का? मी गार. हिला कसं कळलं? म्हणाली, डावा गाल बघा आणि उजवा बघा. डाव्यावर उभ्या-आडव्या रेघा, काळे डाग. उजवा त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. काचेतूनही ऊन लागतं म्हणे. तीस वर्षं एका बाजूला बसलात.

विचारलं, आता कुठलं क्रीम सगळ्यात चांगलं? म्हणाली, खिडकीला पडदा. तीस वर्षांपूर्वी.

म्हटलं, तेव्हा उजेड लागायचा. पोर लहान होती, काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा नाही.
तिनं कागदावर मॉइश्चरायझरचं नाव लिहून दिलं.

१५ फेब्रुवारी
पडदा शिवायचा. अख्ख्या इमारतीचे पडदे मी शिवले, माझीच खिडकी उघडी. कापड काढून ठेवलं. उद्या.

१६ फेब्रुवारी
आज घाईचं काम. पडदा उद्या.

२३ फेब्रुवारी
मशीनवाल्याचा फोन. मला वाटलं मशीनच्या पट्ट्याबद्दल असेल. म्हणाला, मावशी, मुलाचं कुठं जमवलंय का? माझी मेहुणी आहे. एकतीसची. नोकरी करते. फोटोतला चेहरा माझ्या मनातनं जाईना, माणूस शांत वाटतो.

हे आणि शांत! झोपेतसुद्धा भांडायचे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली पण होती. पण फोनवर म्हणून काय सांगणार? बाबा रे, तो माझा नवरा? तो विचारणार, मग हो का म्हणालात? त्याला काय उत्तर द्यायचं? आणि मी तरी का सांगू? महिन्याभरानं येईल तेव्हा माझं तोंड बघून त्याचं त्यालाच कळेल. म्हटलं, विचारून सांगते.

मुलगी स्वभावानं कशी आहे, तेवढं विचारलं. सहज. म्हणाला, हसतमुख.
ह्यांना चालेल. ह्यांना काहीही चालायचं.
आज फोटो जरा जास्तच हसतोय.

१ मार्च
पुळ्या गेल्या. सालं गेली. चेहरा होता तसा झाला. ह्याला सुधारणा म्हणायला हरकत नाही.

८ मार्च
नवी युक्ती. उजवा गाल दहा वर्षांनी लहान आहे ना? मग मशीनच फिरवायचं. येणाऱ्याला फक्त उजवा गाल दिसला पाहिजे. पार्लरवालीला बोलावलं, दोघींनी मशीन ओढलं. माझी कंबर धरली. ती म्हणाली, ताई, आता ऊन उजव्या गालावर येणार. म्हटलं, येऊ दे. आता त्याची पाळी.

१२ मार्च
कंबर. काही लिहायचं नाही.

१९ मार्च
सनस्क्रीन नेमानं लावतेय. खरंच. मेडिकलवाली म्हणाली, त्वचा शांत झालीय. मी म्हटलं, मी पण.
दमले आहे. ह्यांच्या वयाला पोचायचं म्हणजे केवढी मोठी चढण. आणि हे वरून हसतायत.

२८ मार्च
उद्या मशीनवाला. निळा ड्रेस इस्त्री केला. केसांना रंग लावला. थोडा कपाळाला लागला, निघाला नाही. उजव्या बाजूनं दिसत नाही.
पडदा राहिलाच.

२९ मार्च, संध्याकाळ
आला. दारातच म्हणाला, मावशी, बरं नाही का? उतरल्यासारख्या दिसताय.

मी उजवा गाल पुढं केला. तो म्हणाला, मान धरलीय का? आणि मशीन कुणी फिरवलं? मग सर्व्हिसिंग केलं, चहा घेतला आणि मोबाईलमधला मेहुणीचा फोटो दाखवला. खरंच हसतमुख आहे पोरगी. कातडी नितळ. मी मोबाईल लगेच परत दिला.

फोटोकडं बघितलं त्यानं. माझ्याकडंही बघितलं. दोन्ही सावकाश बघून झाल्यावर म्हणाला, मग कधी येतोय मुलगा?

मग मी सांगितलं. म्हटलं, बाबा, तो मुलगा नाही. माझा नवरा आहे. सत्तावीस वर्षं झाली जाऊन.

तो खो खो हसला. म्हणाला, मावशी, आता नाही फसायचा मी. मशीन आपोआप चालतं म्हणालात तेव्हा अर्धा दिवस घालवलाय. म्हटलं, अरे, ह्या वेळी खरं सांगतेय. शर्ट बघ, मी शिवलेला, कॉलर बघ. तो म्हणाला, मग? आईच शिवणार ना.

मी उठले. ट्रंकेतून मूळचा फोटो काढला, दोघांचा, न कापलेला. तोच शर्ट, तेच हसणं आणि ह्यांच्या शेजारी मी. चौतीसची. ऊन डोळ्यांवर आलंय म्हणून डोळे बारीक केलेले. त्याच्या हातात दिला. म्हटलं, बघ आता.

त्यानं बघितलं, बराच वेळ बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, म्हणजे लग्न झालंय होय त्याचं. मग आधीच सांगायचं ना मावशी, मी उगाच मेहुणीच्या घरी बोलून बसलो. फोटो परत देताना पुन्हा एकदा बघितला. म्हणाला, सून देखणी आहे हो तुमची.

माझं तोंड, आणि ह्या वेळी एकही टोमणा आला नाही.

तो म्हणाला, ती पण त्याच्याबरोबर लांबच असते का?
म्हटलं, नाही. ती इथंच असते. माझ्याजवळ.
म्हणाला, जपा हो तिला, अशी सून मिळत नाही.
म्हटलं, जपते की. पण ऐकत नाही. दिवसभर खिडकीशी बसते उन्हात. कितीदा सांगितलं, पडदा लाव.

तो गेला. जूनअखेर पुन्हा येतो म्हणाला. मशीन छान चालतंय. एक टाका सोडत नाही.

फोटो ट्रंकेत ठेवला नाही. ह्यांच्या फ्रेमच्या कडेला खोचला. कॉलरच्या लांब टोकावर येतोय, तेवढं बरं.
पडद्याचं कापड काढलं होतं. दोरा ओवेना. उद्या बघू.