प्रदिश की प्रदेश

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (खोटं आहे.)

भाऊजींचं सापेक्षतेच्या गणितावरचं पुस्तक छापून झालं. त्यांची अकरा वर्षांची मेहनत. ते गेल्यावर मुद्रितं मीच तपासणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. माझा बाणा तुला ठाऊक आहे: एक वेळ उपाशी राहीन, पण ऱ्हस्वदीर्घाशी तडजोड नाही! (छापखान्यात यावर मी भाषणं केली आहेत. कुणी मागितली नसताना.)

तर पुस्तकात जागोजागी 'प्रदिश'. असा शब्द असतो का? मी पेटलो. तीनशे बारा ठिकाणी वेलांटी काढून मात्रा दिली, 'प्रदेश' केलं. पुस्तक भूगोलाचं वाटू लागलं, तरी शंका आली नाही. छपाईनंतर जुळणी करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, अदिश आहे, सदिश आहे, मग प्रदिश कुठे घालवलात?"

हे असंच बाहेर गेलं तर लोक भाऊजींना वेडे म्हणतील. शुद्धिपत्र हवं, पण त्यांनी काही ठिकाणी खरोखरच 'प्रदेश' म्हटलंय, आणि हस्तलिखित रद्दीत गेलं. कुठे कोणता शब्द, ते आता अर्थावरूनच ठरवायचं. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी गणित शिकतोय. अदिश म्हणजे दिशा नसलेलं. ते लगेच कळलं (आयुष्य तेच). सदिशापाशी दम लागला. या प्रदिशात (इंग्रजीत टेन्सर) सोळा घरं, त्यातली सहा नुसती पुनरुक्ती! मी ती लाल शाईने छाटली, तर उत्तरच बिघडलं. अक्षर दोनदा आलं की मी एक खोडतो. इथे दोनदा येणं म्हणजे बेरीज, आणि बेरजेची खूण लिहीतच नाहीत. तीन महिन्यांत नऊ पानं झाली. जन्मभर शब्दांवर हुकमत गाजवली, आता अर्थाच्या दारात चपला हातात घेऊन उभा आहे. भाऊजी जेवताना हेच समजावायला लागायचे, आणि मी त्यांचे उच्चार सुधारायचो.

तुझा धाकटा

ता. क. छापखान्याच्या मालकांनी पुस्तकांचं पार्सल परस्पर तुझ्याकडे धाडलंय. उघडू नकोस. भाऊजींची कच्ची वही तेवढी पाठव.

आणखी एक. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने ओळ होती: 'प्रदिश हाच शब्द आहे, मेहुण्याला सांगावं.' मजकुरातली नाही म्हणून ती मीच खोडली. 'सांगावं'वरचा अनुस्वार बरोबर आहे, एवढंच पाहिलं होतं.