उरलेले पुडे

न्हावरे, ता. शिरूर
६ डिसेंबर २०२४, शुक्रवार

सौ. मुक्तावन्सं,
सुलक्षणाचा वाकून नमस्कार.

हे पत्र यांच्या हाती देतेय, सोबत शेंगा आहेत. लवकर संपवा, ठेवल्या तर खवट होतील. इकडे सगळं बरं आहे. कांद्याची लागण निम्मी झाली, बायका मिळत नाहीत. तुमचे भाऊ सणसवाडीला फर्स्ट शिफ्टला जातात, तीनला सुटतात आणि घरी येऊन बांधावर उभं राहून मला कांदा कसा लावायचा ते शिकवतात.

आप्पांचे डायपर उरलेत का, उरले असतील तर कुणा गरजूला दे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. उरलेत पाच-सहा पुडे. बघते कुणाला द्यायचे ते. तुम्ही त्याचा विचार करत बसू नका, जिवाला उगाच त्रास.

तेराव्याच्या जेवणाला तुम्ही सगळ्या भावकीसमोर म्हणालात, पोटच्या मुलीनं केलं नसतं एवढं सुलक्षणानं आप्पांचं केलं. वर एवढ्या भारी साडीचा आहेर केलात. नको होतं, वन्सं. मानभावीपणानं म्हणत नाही, खरंच नको होतं.

गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका. दुकानात स्टूल घेऊन बसत जा.

तुमचीच,
सुलक्षणा


न्हावरे
१९ डिसेंबर २०२४, गुरुवार

मुक्तावन्सं,
नमस्कार.

हे पत्र पोस्टानं टाकतेय, कारण यातलं तुमच्या भावालाही माहीत नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "असू दे गं" म्हणाल आणि मी तेवढ्यावर गप्प बसेन. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

पुडे पाच-सहा नव्हते. एकतीस होते.

तुम्ही तुमच्या मेडिकलमधून दर महिन्याला नऊ पुडे पाठवायचात, दिवसाला तीन वेळा बदलायचं या हिशोबानं. आप्पांचा खुबा मोडल्यापासून सात महिने एकदाही खंड पाडला नाहीत. त्यातले निम्मे शिल्लक राहतात कसे, हे मेडिकल चालवणाऱ्या बाईला सांगावं लागलं नसतं. म्हणून मी पाच-सहा लिहिले.

भावकीतल्या बायकांनी आप्पांची गादी-गोधड्या जाळायला बाहेर काढल्या, तेव्हा मी पुडे गुपचूप कांद्याच्या चाळीत नेऊन ठेवले. जळून गेले असते तर कुणाला कळलं नसतं. पण कोऱ्या वस्तू, माझ्यानं जाळवेनात.

आधी आपल्याच आळीतल्या साळूबाईंकडे एक पुडा घेऊन गेले. त्यांची सासू वर्षभर पडून आहे. साळूबाईंनी दारातूनच हात हलवला. "गेलेल्या मान्साचं न्हाई वापरत आमी, बाई." पुडा फोडलेला नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "नसंना का. म्हातारीला कळलं तर ती अन्न सोडंल."

मग आपल्या गावच्या आशाताईनं दौंडचं एक घर सांगितलं. मुमताजभाभी. त्यांचे मालक इनुसभाई रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. मी पुडे कांद्याच्या दोन गोण्यांत भरले, तोंडं सुतळीनं शिवली. चौफुल्यापर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. कंडक्टरनं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, कांदं हायती का कापूस?" मी म्हटलं, कापूस. अख्खी एसटी हसली, मीही हसले.

मुमताजभाभी जुन्या चादरी फाडून वापरत होत्या. अंगणात दोरीवर नुसत्या त्याच चिंध्या. गोण्या उसवल्यावर त्या रडायलाच लागल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अल्ला तुमचं भलं करो." मी म्हटलं, हे माझं नाही, माझ्या नणंदेनं त्यांच्या वडिलांसाठी पाठवलेलं आहे. मला तिथून पळून यावंसं वाटत होतं, पण चहा घेतल्याशिवाय त्या सोडेनात.

चहा उकळेपर्यंत त्यांनी इनुसभाईंच्या तोंडाला पाण्याची वाटी लावली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. भाभी मला म्हणाल्या, "रोजचं हाय बगा. पानी पिलं की तुला सारखं धुवाया लागतं, म्हनत्यात."

वन्सं, आप्पाही हेच करत होते.

सुरुवातीला मी बदलायला गेले की ते तोंडावर टॉवेल ओढून घ्यायचे आणि मी डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत. ज्या सासऱ्यांसमोर मी बावीस वर्षं खुर्चीवर बसले नाही, त्यांचं हे करायचं. लाज दोघांनाही. तुमच्या भावाला दहादा सांगून पाहिलं, "मला न्हाई जमायचं," म्हणाले आणि मोटार चालू करायला निघून गेले. दुसऱ्या महिन्यापासून आप्पांनी पाणी कमी केलं. सकाळी उशाला भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा. मला दिसत होतं. तीनचे दोन झाले, मग कधी कधी एकावरच भागायचं. आणि मला बरं वाटलं, वन्सं. कंबर दुखायची थांबली. धारा वेळेवर निघायला लागल्या. मी तांब्यातलं पाणी झाडाला ओतायची आणि तांब्या पुन्हा भरून ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला ताजं पाणी दिसावं. तुम्हाला "आता पुडे नका पाठवू" म्हणता येईना, कारण तुम्ही का म्हणून विचारलं असतं.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितात? तुम्ही माझ्या शेजारीच उभ्या होतात. मी म्हटलं, भरपूर. लघवीतला जंतू पार किडनीपर्यंत गेला होता. पाणी भरपूर पितात तर असं कसं झालं, असं डॉक्टर स्वतःशीच बोलले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं, त्यांना काही करता आलं असतं की नाही कोण जाणे. मी बोलले नाही.

दौंडला मात्र तोंडातून निघून गेलं. मी उठून इनुसभाईंजवळ गेले आणि म्हटलं, "भाऊ, पाणी प्या. माझ्या सासऱ्यांनी असंच पाणी सोडलं, मी बघत राहिले आणि ते गेले." त्यांना बोलता फार येत नाही, पण कळतं सगळं. माझ्याकडे बघत त्यांनी दोन घोट घेतले. मग भाभींनी वाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "तुमच्या नणंदंला ठाऊक हाय का हे?"

नाही म्हटलं.

"मग मला कशाला सांगता? बाप तिचा व्हता."

चहा दिला त्यांनी. पोचवायला स्टँडपर्यंत आल्या.

त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहितेय. माफी मागायची म्हणून नाही. माफी मागितली की तुम्हाला ती देणं भाग पडेल, तुमचं मन तसं आहे. संक्रांतीला तुम्ही माहेरी याल तेव्हा माझ्याशी बोलायचं की नाही, माझ्या हातचं खायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी कुणाकडे तक्रार करणार नाही. भावकीला सांगितलंत तरी मी खोटं पाडणार नाही.

आता एकच राहिलं. हे मी दौंडलाही बोलले नाही.

आप्पांनी पाणी आपल्या मनानं सोडलं नव्हतं. त्या दुसऱ्या महिन्यातच एका दुपारी मी त्यांचं सगळं आवरून, हात धुऊन नुकती टेकले होते. ते म्हणाले, "पोरी, घोटभर पानी दी." मी म्हटलं, "आप्पा, आत्ताच तर बदललंय."

ते म्हणाले, "व्हय, खरंय तुजं."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाणी कधी मागितलं नाही.

आप्पांची सून,
सुलक्षणा