आठव्या अंकातला चेहरा

४ जानेवारी, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा करतोय, पण पक्का. 'थरथराट चित्रमाले'चा संच या वर्षी पूर्ण करायचा म्हणजे करायचा. भुताच्या जुन्या कॉमिक्सचे शौकीन पुष्कळ असतील, पण 'झोपाळ्यावरची बाई' ही आठ अंकांची गोष्ट फार थोड्यांनी पाहिली आहे. माझ्याकडे सात अंक आहेत. सातही अंकांत ती बाई पाठमोरी, केस सोडून बसलेली. चेहरा दिसतो तो आठव्यात, अगदी शेवटच्या पानावर. तेवढा एक अंक मिळाला की मी गंगेत न्हालो.
मसुऱ्यात राहून, शाळेत विज्ञान शिकवून एवढं कलेक्शन करणं खायचं काम नाही. नम्रताला त्याचं काही नाही. बायको झाली म्हणून कलेची जाण असतेच असं नाही. "इतकी पुस्तका हाडलात, एक तरी वाचलात?" म्हणते. खरा कलेक्टर वाचत नसतो. वाचल्याने पानं सैल होतात.

७ जानेवारी
संच झोपायच्या खोलीतून हलवला. आता पडवीत, पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप. वर भाताचं पोतं. दमट हवेचा बंदोबस्त.

१० जानेवारी
दोन बातम्या, दोन्ही उत्तम.
एक. ओमकार, म्हणजे आमच्या वाचनालयाचा नवा सेक्रेटरी, मार्चमध्ये माझ्या कॉमिक्सचं प्रदर्शन भरवतोय. अट एकच, संच पूर्ण हवा. मी छाती ठोकून हो म्हटलं. 'थरथराट : एका निर्भय संग्राहकाचा प्रवास' हे नाव मीच सुचवलं. 'निर्भय' शब्दावर तो थोडा अडला, पण मी धरून राहिलो.
दोन. आठवा अंक सापडला! वेंगुर्ल्याच्या समदभाईंकडे. त्यांच्या वडिलांचा एसटी स्टँडवर पुस्तकांचा स्टॉल होता, त्यातला उरलेला माल घरात आहे. पैसे नकोत म्हणाले. फक्त, "हंय ये, उघडून बघ आणि मगेच घेवन जा. मागसून माका काय बोलू नको." रविवारीच जातो.

१८ जानेवारी
गेलो नाही. अमावस्या. माझा अमावस्येवर काडीचा विश्वास नाही, चंद्राच्या कला आठवी 'ब'ला मीच शिकवतो. पण कंडक्टर लोकांचा असतो. उगाच गाडी रद्द व्हायची.

२५ जानेवारी
गेलो नाही. उद्या झेंडावंदन. तयारीच्या कमिटीत मी नाही, पण आयत्या वेळी बोलावलं तर?

२९ जानेवारी
ओटीवरचा झोपाळा काढून माळ्यावर टाकला. कड्या गंजल्या होत्या. शिवाय वाऱ्याने आपोआप हलायचा, हे काही चांगलं लक्षण नाही. यांत्रिकदृष्ट्या.
काल शाळेतून आलो तर झोपाळ्यावर कोणीतरी पाठमोरं, केस सोडून. नम्रताच न्हाऊन केस सुकवत होती. मी पिशवी अंगणात ठेवून तसाच खालच्या ओहोळापर्यंत गेलो ते निव्वळ पाय मोकळे करायला. पळत गेलो असं शेजारची विमलाकाकी सांगत फिरते आहे. तिला मोतीबिंदू आहे.
झोपाळ्यावरून नम्रता दिवसभर धुसफुसते आहे. दुपारची दोन घटका टेकायची तिची तेवढीच जागा होती म्हणे. "त्या झोपाळ्यान तुमचा काय घोडा मारल्यान?" विचारलं. मी गंजाची रासायनिक प्रक्रिया समजावून सांगितली. ती उठून गेली.

६ फेब्रुवारी
जत्रा तोंडावर. घरात पाहुण्यांचा बाजार. सगळ्या गाड्या आंगणेवाडीकडे. वेंगुर्ल्याला जाणार तरी कसा माणूस? भराडीदेवीपुढे माझं काय चालणार. संकल्प मात्र ठाम आहे.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
गेलो! पहिल्या गाडीने, लख्ख उन्हात.
समदभाई अगदी देवमाणूस. जोहराभाभींनी सुरमईचं कालवण वाढलं, दोनदा भात घेतला. मग समदभाईंनी कपाटातून अंक काढून पुढ्यात ठेवला. कव्हरवर ती. पाठमोरी. म्हणाले, "उघड." मी म्हटलं, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते म्हणाले, विश्वासाचा प्रश्न नाही, शेवटचं पान बघ आणि ने. मी म्हटलं, चष्मा विसरलो. जोहराभाभी म्हणाल्या, नाकावर आहे तो काय? तो लांबचा, हे त्यांना पटवून देईपर्यंत परतीच्या गाडीची वेळ झाली.
अंक आणला नाही. समदभाई जरा हट्टी वाटले.

२४ फेब्रुवारी
ओमकारने बॅनर छापून आणला. माझा फोटो हाताएवढा, 'निर्भय' त्याहून मोठं. आठ मार्चला उद्घाटन. अंक आला का, म्हणून दिवसातून तीनदा फोन करतो. आल्यात जमा आहे, असं सांगितलं. आता गावात तोंड दाखवायचं तर अंक हवाच.

२५ फेब्रुवारी
नम्रता आपणहून म्हणाली, वेंगुर्ल्याला बहिणीकडे जायचंच आहे, येताना अंक आणते. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. ओल्या हाताने धरू नकोस, पानं दुमडू नकोस, वगैरे लेखी सूचना सोबत.
जाण्याआधी तिने पेटीची किल्ली मागून घेतली आणि एका बैठकीत सातही अंक वाचून काढले. ओटीवर बसून, मोठ्याने हसत! अडाणीपणा. भीतीसुद्धा समजायला लागते.

१ मार्च
अंक आला!! प्लास्टिकच्या पिशवीत, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून. असं पॅकिंग मलासुद्धा जमलं नसतं, तसं बोलूनही दाखवलं.
नम्रताने "बघतलात?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, छे, मुखदर्शन आता प्रदर्शनात, जनतेच्या साक्षीने. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमानाने असेल.
पेटीवर आणखी एक पोतं.

८ मार्च, रात्रीचं जेवण न करता
उद्घाटन झालं. म्हणजे झालं म्हणायचं.
हॉल भरलेला. समदभाई आणि जोहराभाभी खास वेंगुर्ल्याहून आलेले. मी भीती या विषयावर बोललो. भीती ही केवळ एका ग्रंथीतला स्राव आहे, असं सांगितलं, टाळ्या पडल्या. मग शेवटचं पान उघडायची वेळ. हा मान मी ओमकारला दिला आणि स्वतः श्रोत्यांकडे तोंड करून उभा राहिलो. वक्त्याने श्रोत्यांकडेच बघायचं असतं.
मागे पान उलटल्याचा आवाज. हॉलमध्ये चिडीचूप. वाटलं, जिंकलो, सगळ्यांची दातखीळ बसली.
तेवढ्यात पहिल्या रांगेतून विमलाकाकी, "अरे, बायचा थोबाड खंय आसा?"
शेवटचं पानच नव्हतं. पिनेजवळून कात्रीने सरळ कापलेलं. मोतीबिंदूवालीला दिसलं आणि मला आठवडाभर पत्ता नाही, असं कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. समदभाई तावातावाने उभे, "मी दिलंय तेवा पान होता! ह्याच्या बायलेन माझ्यासमोर बघल्यान!" नम्रता तेव्हा चहाचे कप मांडत होती. तिने मान वर केली नाही.
ओमकार म्हणाला, सर, तुम्ही स्वतः एकदाही उघडून पाहिलं नाहीत? मी म्हटलं, कलेक्टर उघडत नसतो. त्याने तिथल्या तिथे बॅनर उतरवला. गुंडाळी करून माझ्याच हातात दिला.

९ मार्च, सकाळ
चहा देताना नम्रतानेच विषय काढला. पान तिने कापलं. बहिणीच्या घरी, कात्रीने, जपून.
मी काही बोलणार, तोच म्हणाली, हसण्यासारखे सात अंक होते, आठवा नाही. कोणी काढलंय देव जाणे, पण तो चेहरा बघून तिला स्वतःला त्या रात्री बहिणीच्या कुशीत झोपावं लागलं. मग तिने माझा विचार केला. "आधीच तुमी रात्री मागीलदारी जावक माका उठवतास. ह्या बघितलात तर दिवसाचा पण उठवशात."
मी म्हटलं, प्रदर्शन बुडालं, माझी इज्जत गेली, त्याचं काय? ती म्हणाली, इज्जत काय, चार दिवसांत लोक विसरतील. चेहरा तुम्ही विसरला नसतात. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी इतकं मऊ कधी बोलल्याचं आठवत नाही. मला गहिवरून आलं. चहा गरम होता, त्यानेही असेल.
मग म्हणाली, "पान माझ्याकडेच आसा. फाडूक नाय. व्हया तर आत्ता देतंय. ओमकाराक बोलवा, परत भरवूया प्रदर्शन."
आठ अंक. अख्ख्या जिल्ह्यात, कदाचित राज्यातसुद्धा, एकमेव पूर्ण संच. आयुष्यभराची धडपड एका कागदावर येऊन थांबलेली. मी कप खाली ठेवला. नीट, सर्व बाजूंनी विचार केला.
राहू दे, म्हणालो.
आणि कुठे ठेवलंयस ते मला सांगू नकोस, असंही म्हणालो.