तिसऱ्या हाकेला ओ

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! निपाणीतनं बेळगाव, बेळगावातनं रेल्वेनं गुंजी, आणि गुंजी स्टेशनाबाहेर भरमू अण्णा जीप घेऊन हजर. तिथनं पुढं नुसतं रान. असला रस्ता जन्मात बघितला नव्हता. गाडी चालत नाही, नाचते. मला हसू आवरेना, तर भरमू अण्णा म्हणाला, हस हस, आठ दिवसांनी कंबर धरून रडशील.

ही वही त्रिशलाक्कानं दिली. कॅम्पवर मोबाईल लागत नाही, तर रोज चार ओळी लिही, सुट्टीला आलास की वाचीन म्हणाली. वर टोमणा पण मारला, वही भरायच्या आधी तूच पळून येशील. थोरली बहीण आहे, बोलणारच. आठवीत शाळा सोडली, पुण्याचं गॅरेज सोडलं, सुरतेची मिल सोडली. माझा पायच कुठं ठरत नाही. ह्या वेळी मात्र आईला शब्द देऊन आलोय.

मालक अभिनंदन दादा, टिळकवाडीचे. तंबू ठोकलेत, दोन जीपा आहेत. पाहुण्यांना चिखलातनं, ओढ्यातनं हिसके देत फिरवायचं, की लोक पैसे देऊन खूश. एक नंबरची गाडी भरमू अण्णाची, दोन नंबरची माझी. माझ्या आधी तिच्यावर मष्णू म्हणून होता, तो गोव्याला गेला म्हणे. स्वयंपाकाला रुक्माबाई मावशी. मी जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो म्हटल्यावर ती म्हणाली, बरं झालं बाबा, एक तरी ताट लवकर घासून होईल.

५ नोव्हेंबर

दादांबरोबर बेळगावला वायरलेस घ्यायला गेलतो. दादांच्या मनात हातातली वॉकीटॉकी होती. दुकानदार यल्लाप्पा पण कानडीत तेच सांगत होता. मीच आडवा पडलो. हातातला सेट हिसक्यासरशी सीटखाली जातो. एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, मग सेट काय दातात धरायचा? आणि डोंगराआड गेलं की तो मुका. त्यापेक्षा गाडीत बसवायचा घेऊ, बॅटरीवर चालणारा, वर लांब अँटेना. गॅरेजला खाणीचे डंपर यायचे, त्यांत मी बसवलेत. दादांना पटलं. दोन गाड्यांना दोन आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरात एक.

भरमू अण्णाला काय रुचलं नाही. बारके सेट पुरले असते म्हणाला, एवढं लांबचं ऐकून करायचंय काय? मी म्हटलं, अण्णा, लांबचं ऐकायलाच तर वायरलेस असतो की. तो बिडी विझवून उठून गेला.

८ नोव्हेंबर

दोन दिवस खपलो. दादा म्हणत होते सेट वर छताला लाव. पण गाडी उलटली तर तो डोक्यातच बसायचा. डॅशबोर्डखाली, गिअरच्या वरच्या अंगाला बसवला. पट्टी अशी आवळली की दगडावर आपटली तरी हलणार नाही. वायर थेट बॅटरीवरनं घेतली, मध्ये फ्यूज टाकला. किल्लीवरनं घेतली असती तर किल्ली बंद झाली की सेट पण बंद. गाडी गप झाल्यावरच तर तो लागतो! अँटेना मागं लावली असती तर फांद्यांनी मोडली असती, म्हणून बॉनेटच्या कडेला, पत्र्याचा रंग खरवडून, अर्थिंग देऊन. माईक डाव्या हाताशी. न बघता सापडतो.

आवाज असा येतोय की माणूस मांडीवर बसून बोलतंय. बोलायच्या आधी मी नखानं माईकवर दोनदा ठोकतो, गॅरेजची सवय. मावशी म्हणाली, हा आला बघा सुतारपक्षी.

१० नोव्हेंबर

आज भरमू अण्णानं हितली रीत सांगितली. रानात कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीला पण नाही. माणूस असला तर तिसरी मारतोच. जे माणूस नसतं त्याला तिसरी मारता येत नाही. आणि ही रीत वायरलेसवर पण पाळायची, नाव घेऊन तीन हाका, मग ओ.

दादांचा हुकूम उलटा आहे. पहिल्या हाकेला उत्तर, पाहुणे गाडीत असतात, वेळ घालवायचा नाही. मला दादांचंच बरोबर वाटतं. आमच्या निपाणीकडं सगळं मोकळं माळरान, तंबाखूची शेतं, हाक मारणारा कोसभरावरनं दिसतो. मी म्हटलं, अण्णा, रेंज वाढवली तर भुतं पण लायनीवर आली का? मावशी हसली. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, कुठं बी अडकलास तर तीन हाका मार. माझ्या आरोहीचं लग्न लागत असलं तरी अक्षता टाकून पळत येतो. आरोही त्याची एकुलती लेक, खानापूरला शिकते.

लई चांगला माणूस आहे.

१३ नोव्हेंबर

दुपारी पाहुण्यांना गुंजीला सोडून मोकळी गाडी घेऊन येत होतो. खालच्या ओढ्याच्या वळणावर सेटमध्ये कुणीतरी घसा खाकरला. मग माझं नाव आलं. वृषभ. एकदाच. मी सवयीनं माईक घेतला आणि म्हटलं, ओ, बोला अण्णा.

पुढं काही नाही. नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज, लांब. तहानलेला माणूस पाण्याचा पहिला घोट घेतो तसा.

कॅम्पवर येऊन बघतो तर एक नंबरचं बॉनेट उघडं, बॅटरी काढून खाली ठेवलेली. भरमू अण्णा बोलणार कशावरनं? मावशीला विचारलं. ती म्हणाली, हाक कसली रं? तू एकटाच ओ ओ करत होतास. मी सांगितलं की आधी घसा खाकरला होता. तर तिच्या हातातली उलथणी तशीच राहिली.

१४ नोव्हेंबर

मष्णू बोलायच्या आधी घसा खाकरायचा.

भरमू अण्णानं आज खरं सांगितलं. मष्णू गोव्याला गेलाच नाही. खालच्या ओढ्यात दोन नंबरची गाडी सापडली, इंजिन चालू, दार उघडं, चपला आत, मष्णू कुठंच नाही. तोही पहिल्या हाकेला ओ द्यायचा, थट्टा म्हणून. त्याच्या आधी काही दिवस मावशीला परसातनं मष्णूच्या आवाजात हाक आली होती. दोनदा. तेव्हा मष्णू तिच्यासमोर भाकरी खात बसलेला.

तेव्हा वायरलेस नव्हता, भरमू अण्णा म्हणाला. ती हाक परसापर्यंतच पोचायची. आता तू तिला अँटेना दिलीस.

मला राग आला. मग भीती वाटली.

१६ नोव्हेंबर

दादांना सांगितलं. म्हणाले, आजूबाजूला दुसऱ्या कुणाचा सेट असेल, त्याचा आवाज मिसळत असेल. चॅनेल बदलून दिला. मी पण म्हटलं असंच असेल. दोन दिवस शांत आहे. ओढ्यावरनं जाताना गाणी म्हणत जातो.

१८ नोव्हेंबर

उन्हं उतरत होती. मी स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. भात, वरण, मेथीची भाजी. मावशी चुलीपुढं. फळीवरच्या सेटवर टक टक झालं.

नखानं ठोकल्यागत. दोनदा.

आणि मग मीच बोललो. सेटमधनं. मावशी, अशी हाक. माझा आवाज, माझा हेल. घास माझ्या तोंडात होता.

मावशीनं ओठ घट्ट मिटले आणि हातानं मला गप राहा म्हणून खुणावलं. परत टक टक. परत मावशी. मग ते थांबलं. आम्ही दोघं तिसरीची वाट बघत बसलो. आली नाही. मावशीनं सेटवर पातेलं पालथं घातलं आणि माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला.

ताट तसंच राहिलं.

१९ नोव्हेंबर

जातोय. त्रिशलाक्का हसू दे. आईला काय सांगायचं ते वाटेत ठरवीन.

भरमू अण्णा म्हणाला, उद्या मी स्वतः तुला रेल्वेत बसवतो, गाडी सुटेपर्यंत हात सोडत न्हाय. सगळ्या अँटेना पण उद्याच उपटायच्या. माझ्याच हातानं बसवल्यात —

झोप नाही.

२० नोव्हेंबर, सकाळ

भरमू अण्णाला पाहुणे घेऊन वरच्या पठारावर जावं लागलं. एका बाईला ताप आहे, तिला पुढं खानापूरला दवाखान्यात नेणार. तिथनं परत यायला संध्याकाळ. दादा दुपारच्या रेल्वेनं गुंजीला येणार आहेत, त्यांना दोन नंबरची गाडी द्यायची आणि मी समोरनं येणारी बेळगावची रेल्वे पकडायची. दिवसाउजेडी पोचशील, भरमू अण्णा म्हणाला. सेट बंद ठेव. ओढ्यात थांबू नको. अडकलास तरच लाव, आणि तीन हाका.

मावशीनं भाकरी बांधून दिली. पाया पडलो.

२० नोव्हेंबर, ओढ्यात

बंद पडली. ओढ्याच्या मधोमध. डिझेल आहे, बॅटरी आहे. किल्ली फिरवली की नुसता आचका देते. रेल्वेची शिट्टी ऐकली, गेली. दादा स्टेशनावर वाट बघत असतील.

ऊन वर झाडांच्या शेंड्यांवर गेलंय. खाली आधीच अंधारल्यागत.

उतरून चालावं तर — मष्णूचं दार उघडं सापडलं होतं. दार उघडणार नाही.

कॅम्पचा सेट पातेल्याखाली बंदच आहे. आता भरमू अण्णा खानापुराहून निघाला असेल. सेट लावतो. तीन हाका मारतो.

—

सेट लावला. मी अजून बोललो नव्हतो. माईक हुकावरच होता.

टक टक.

भरमू अण्णा.

माझा आवाज. मी तोंड दाबून धरलं, तरी माझा आवाज. ओढ्यात अडकलोय म्हणाला. ये म्हणाला.

भरमू अण्णानं ओ दिली नाही. शाणा आहे. पक्का आहे.

हात वहीत गुंतवून ठेवलाय, म्हणजे माईककडं जाणार नाही. म्हणून लिहितोय.

—

टक टक. दुसरी.

भरमू अण्णा.

रडत होता ह्या वेळी. मी पण रडतोय. दोन्ही सारखंच ऐकू येतंय.

आता संपलं. तिसरी येणार नाही. त्याला कळंल की तो मी न्हाय. येणार न्हाय तो. आरोहीचा बाप आहे.

पण तो येईल. मला ठाऊक आहे. अडकलोय म्हटलंय, ओढ्यात म्हटलंय, आणि मी खरंच ओढ्यात हाय. तीन हाकांची वाट न बघता बी येईल तो. कुणीतरी त्याला सांगायला पायजे. नुसतं एवढंच. येऊ नको. दोन शब्द.

दोन शब्दच —

—

उचलला. ठोकलं. भरमू अण्णा म्हटलं. येऊ नको म्हणणार, तेवढ्यात —

ओ.

भरमू अण्णानं ओ दिली. लगेच. आनंदानं. ओ, आलो रं, आलो, तिसरीचीच वाट बघत होतो.

तिसरी.

त्या आवाजाला माणसाची तिसरी पायजे होती आणि ती मी —

मागनं तोच श्वास. लांब. घोट घेतल्यासारखा.

माईक दाबून वरडलो. येऊ नको, येऊ नको. नुसती खरखर. अर्थिंग मीच दिली होती, पक्की दिली होती —

—

फ्यूज काढला. सेट मेला. दिवा विझला. आता काय बोलणार न्हाय.

अंधार. कागद नीट दिसत न्हाय.

वर चढावर जीपचा आवाज. दुसऱ्या गिअरला. त्याचाच हात. मग थांबला. दार वाजलं. पाण्यात पावलं —

थांबली.

काचेला लागून कोण तरी उभं हाय. मी तिकडं बघत न्हाय. वहीत बघतोय.

वृषभ.

भरमू अण्णाचाच आवाज. सेटमधनं न्हाय. भायरनं. मायेचा.

ओ देणार न्हाय. शिकलोय आता.

वृषभ.

दुसरी झाली. अण्णा, तूच असशील तर मार. मार की रं. एकच ऱ्हायली. मी दाराला हात लावून बसलोय, तिसरी मारलीस की उघड